थोरल्याचा खांदा आणि मी

मित्रांनो, मी एका सलूनमधली जुनी खुर्ची आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. माझी बैठक अजून टणक आहे, पाठ हवी तितकी मागे झुकते, आणि पायाजवळचा दांडा दोनचार वेळा दाबला की कितीही वजनदार गिऱ्हाईक अलगद वर उचलले जाते. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिसायला झकपक असतात, पण कोणी जरा अंग टाकून बसले की त्यांचे पाय फाकतात. मला उगाच कोणाची निंदा करायची नाही. पण खरे ते खरे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा पाया, त्यावर तेलाचा पंप, त्यावर बैठक, असा माझा देह तयार झाला. गादी भरणाऱ्या बाईंनी माझ्यात काथ्या इतका दाबून भरला की मला श्वास घेणे मुश्कील झाले. वर लाल रेक्झिन चढवून त्या स्वतःच माझ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "ही काही लवकर म्हातारी होत नाही." आयुष्यात मिळालेले ते माझे पहिले कौतुक. माझ्या शेजारीच माझी जुळी बहीण तयार झाली. आम्हा दोघींना एकाच गाडीत घालून एकाच दुकानात आणले, कारण त्या दुकानाच्या मालकाला मुलगे दोन होते.

मालकाला सगळे बाबा म्हणत. बाबांनी मला उजवीकडच्या भिंतीलगत बसवले आणि बहिणीला डावीकडे, दाराजवळच्या खिडकीपाशी. मी थोरल्याची, ती धाकट्याची. तेव्हा दोघेही मिसरूड न फुटलेले होते. कात्री धरायला शिकले ते एकमेकांच्या डोक्यावर, आणि त्या काळात त्यांची डोकी कशी दिसत असत ते मी सांगणार नाही. घरची गोष्ट घरात राहिलेली बरी.

बाबांनी पोरांना एक नियम घालून दिला होता. "वस्तरा हातात असताना आवाज चढवायचा नाही. गिऱ्हाईक स्वतःची मान आपल्या हवाली करून बसलेलं असतं." नियम सोन्यासारखा होता. बाबा स्वतः तो पाळत. पण दिवसभराचे काम संपले, वस्तरे धुऊन पुसून खणात गेले, की बाबा मागच्या नळावर जात आणि ज्याच्यावर राग आला असेल त्याच्या नावाने मनसोक्त ओरडून घेत. मग तोंडावर पाणी मारून, शीळ घालत घरी जात. पोरांनी बाबांचा नियम तेवढा लक्षात ठेवला. नळावरचे ओरडणे म्हणजे म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा, असे दोघांनी ठरवून टाकले. बाबा गेले, दुकान दोघांचे झाले, आणि नियम भिंतीवरच्या आरशासारखा जागच्या जागी राहिला.

आता माझ्या विद्येबद्दल थोडे सांगते. तुम्हाला वाटेल, खुर्चीला कसली आली विद्या. पण मित्रांनो, माणसाचे तोंड काहीही बोलते, पाठ खोटे बोलत नाही. माझ्यावर जो बसतो त्याचे सगळे वजन, त्याच्या हातांचा घाम, पायांची चुळबुळ माझ्यापर्यंत पोचते. परीक्षेच्या आदल्या दिवशी केस कापायला आलेल्या मुलीच्या पोटात गुडगुड चाललेली मी ऐकली आहे, आणि ती बिचारी आईला सांगत होती की मला कसलीच भीती वाटत नाही. नोकरीच्या मुलाखतीला निघालेला तरुण दाढी करायला बसला तर माझे दोन्ही हात ओले करून उठला. ज्याचे कोणाशी वाजले आहे त्याची मान आधी ताठते, मग त्याचे डोके दुखते, मग तो माझ्या बैठकीला नावे ठेवतो. आणि एक बाई नात झाल्याच्या दिवशी आल्या होत्या, त्या एरवीइतक्याच वजनाच्या असूनही मला पिसासारख्या हलक्या वाटल्या. तुम्हीच म्हणता ना, पोटात गोळा आला, छातीत धस्स झाले, हातपाय गळाले, ऊर भरून आला. तुमच्या बोलण्यात हे सगळे आहे. फक्त बोलताना तुम्ही ते मनावर घेत नाही.

थोरल्याच्या हाताखाली माझी वर्षे मोठ्या मजेत गेली. तो काम करताना गुणगुणायचा, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलायचा, आणि त्याचे गोल पोट माझ्या पाठीला सारखे लागायचे. गिऱ्हाइके म्हणत, या खुर्चीत बसलं की झोप येते. मी मनातल्या मनात फुगायचे. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दोघे भाऊ दुकान धुवायला येत, आणि धुऊन झाले की एकजण माझ्यावर बसे व दुसरा त्याचे केस कापी. दुसऱ्या कोणाची कात्री त्यांच्या डोक्याला कधी लागली नव्हती. तो वेळ माझा सगळ्यात आवडता, कारण तेव्हा दोघे एकमेकांच्या कानाशी इतके फालतू विनोद करत की माझा पंपसुद्धा डुगडुगायचा.

आणि मग गणिताचे सर दुसऱ्या खुर्चीत बसले.

सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, डोक्यावर केस थोडे आणि डोक्यात मते फार असलेले गृहस्थ. थोरल्याने कात्री हातात घेतली तेव्हापासून ते माझ्यावरच बसत. ते थोडे केस थोरला असा जीव लावून कापायचा की जणू प्रत्येक केस मोजून परत करायचा आहे. एका सकाळी सर आले. मी रिकामी होते. थोरल्याने कापड झटकून तयार ठेवले. सर त्याच्याकडे बघून हसले, माझ्यापाशी घटकाभर थबकले, आणि तिकडे जाऊन बहिणीवर बसले.

बाकावर बसलेला एकजण म्हणाला, "थोरले, सरांनी पक्ष बदलला वाटतं."

सगळे हसले. थोरलाही हसला. पण त्याचा हात माझ्या पाठीवर होता, आणि त्या हाताने माझे रेक्झिन असे आवळले की मला कळ आली. धाकट्याने आरशातून त्याच्याकडे पाहिले. थोरल्याने नजर वळवली. धाकट्याच्या मनात आले, मी काय केलंय म्हणून हा माझ्यावर डोळे वटारतो? थोरल्याच्या मनात आले, याने सरांना काहीतरी सांगून ओढलेलं दिसतंय. विचारले असते तर तेवढ्यावर मिटले असते. पण दोघांच्या हातात वस्तरे होते, आणि बाबांचा नियम होता. दुकान सकाळी उघडायचे ते रात्री मिटायचे, त्यामुळे वस्तरा हातात नाही अशी वेळच सापडत नाही, असे दोघे स्वतःला सांगत. घरे वेगळी होती. बंद झाल्यावर दोघे दोन दिशांना जात.

मग बोलणे बंद झाले. म्हणजे अगदी बंद नाही. थोरला बाकावरच्या माणसाला सांगायचा, "त्यांना म्हणावं, पावडर संपलीय." धाकटा रेडिओकडे बघून म्हणायचा, "कळलं." सुट्टीच्या दिवशी दोघे मुकाट्याने दुकान धुऊन जाऊ लागले. एकमेकांचे केस कापणे थांबले. आता दुसऱ्याच्या सलूनमध्ये जाऊन बसायचे तर साऱ्या बाजारात बोभाटा होणार. तेव्हा दोघांनीही केस वाढू दिले. थोरल्याचे कानांवर आले, मग कॉलरवर आले. धाकट्याने सरळ टोपी घातली आणि ती दुकानातही काढीना. एका गिऱ्हाइकाने विचारलेच, "केस कापायचं बंद करून वाढवायचं दुकान काढलंत का?"

या विनोदावर थोरला हसला नाही, आणि तिथून मला काळजी वाटू लागली.

आधी त्याचे पोट बिघडले. दुपारचा डबा तो दोन घास खाऊन मिटू लागला, आणि मग दुपारभर छातीशी हात धरून जळजळते म्हणायचा. गुणगुणणे गेले. झुलणे गेले. जे पोट माझ्या पाठीला लागायचे ते आत ओढलेले, दात आवळलेले, आणि दोन्ही खांदे कानांकडे निघालेले. रात्री झोप लागत नसे, हे त्याच्या डोळ्यांवरून कोणीही सांगितले असते. गिऱ्हाइकांशी मात्र तो गोड बोलायचा. सगळे कडवट आत आणि सगळे गोड बाहेर, असे माणसाला किती दिवस जमणार?

उजवा खांदा एका सकाळी आखडला. उंच गिऱ्हाइकाच्या टाळूवरचे केस कापायला थोरल्याने हात वर नेला आणि तो छातीच्या पातळीवरच अडकला. त्याने कोणाला काही सांगितले नाही. हळूच पाय पुढे करून माझा दांडा सोडला आणि मला खाली घेतले. दुसऱ्या आठवड्यात आणखी खाली. महिना सरला तेव्हा मी जमिनीला टेकले होते, आणि गिऱ्हाइकांना आरशात स्वतःच्या भुवयांच्या वरचेच तेवढे दिसत होते. दाढी कशी झाली ते त्यांनी हाताने चाचपून बघायचे.

माणसे गोष्टी बोलून दाखवत नाहीत, पण पायांनी सांगतात. एकेकजण बहिणीकडे वळला. तिच्यापाशी रांग आणि माझ्यावर ओले टॉवेल. मित्रांनो, ज्या पाठीवर लोक डोळे मिटून विसावले त्या पाठीवर टॉवेल वाळत घातलेले बघणे सोपे नसते. एक दिवस जुन्या सामानाचा दुकानदार आला. त्याने माझी बैठक दाबली, पंप खालीवर केला आणि "माल चांगला आहे" म्हणाला. थोरल्याने मान खाली घालून सांगितले, "पुढच्या आठवड्यात कळवतो. हातच चालत नाही तर खुर्ची काय शोभेला ठेवू?" म्हणजे माझा निकाल लागला होता, आणि त्याचाही. थोरला घरी बसणार आणि बाबांचे दुकान अर्धे होणार, हे धाकट्यानेही ऐकले. त्याने टोपी खाली ओढली आणि वस्तऱ्याला धार लावत राहिला.

माझे नशीब असे की त्याच आठवड्यात समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर केस कापायला आले. त्यांना रांगेत थांबायला वेळ नव्हता, म्हणून ते टॉवेल बाजूला सारून माझ्यावर बसले.

"थोरले," ते आरशात बघत म्हणाले, "मला फक्त माझं कपाळ दिसतंय."

थोरला डाव्या हाताने कापड झटकू लागला. डॉक्टर वळले, त्याचा खांदा बघितला, आणि उठून उभे राहिले. "तुम्ही बसा इथे."

इतक्या वर्षांत थोरला कामाच्या वेळी माझ्यावर कधी बसला नव्हता. तो बसला आणि मी चरकले. माणूस बसतो तेव्हा त्याचे वजन खाली येते. याचे वजन वरच कुठेतरी अडकलेले होते, जणू कोणी मागून मारणार आहे. डॉक्टरांनी हात धरून वर नेला, फिरवला, जिथे दुखले तिथे थांबले. फोटो काढायला सांगितला, रक्त तपासायला सांगितले. चारपाच दिवसांनी ते कागद घेऊन स्वतःच दुकानात आले आणि खांद्याचा फोटो दिव्यासमोर धरला. थोरल्याची बायको डबा घेऊन आली होती, तीही थांबली. तिला सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणते.

"हाड शाबूत आहे, सांधा शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "साखर नाही. रक्तदाब थोडा चढलाय, त्याकडे लक्ष ठेवू."

थोरल्याचा चेहरा पडला. "म्हणजे मला काही झालेलंच नाही? मी काय सोंग करतोय?"

"असं कोण म्हणतंय? दुखणं शंभर टक्के खरं आहे. दिवसभर हात उचलून काम करता, खांद्याला आधीच ताण. त्यात माणूस रागात असला, काळजीत असला की खांदे वर ओढतो, दात आवळतो, पोटातही आम्ल वाढतं. राग ओसरला की शरीर आपोआप सैल पडतं. तुम्ही ते सैल पडूच दिलं नाही. मूठ महिनोन्‌महिने आवळून ठेवली तर बोटं उघडतील का?" मग त्यांनी सहज विचारले, "शेवटचं भांडण कधी झालं तुमचं?"

"मी भांडत नाही," थोरला ताठ मानेने म्हणाला. तशीही ती मान ताठच होती. "बाबांची शिकवण आहे."

डॉक्टरांनी शेकायला सांगितले, भिंतीवर बोटे चढवायचा व्यायाम दाखवला, आणि जाता जाता म्हणाले, "औषध मी देतो. पण जे गिळलंय ते बाहेर काढायचं काम माझ्या गोळीला जमणार नाही." वहिनी मागच्या नळाकडे बघत होत्या. सासऱ्यांचे तिथले ओरडणे त्यांनी सून म्हणून पुष्कळ वर्षे ऐकले होते.

सुट्टीचा दिवस आला. दोघे भाऊ बादल्या घेऊन मुकाट्याने फरशी घासत होते. वहिनी मोठी पिशवी घेऊन आत आल्या. त्यांनी खण उघडून सगळे वस्तरे पिशवीत घातले. मग कात्र्या, मग केस कापायची मशीन, मग नेलकटरसुद्धा.

"हे काय?" थोरल्याने विचारले.

"सगळं बाहेर नेतेय," वहिनी म्हणाल्या. "बाबांनी सांगितलं होतं, वस्तरा हातात असताना आवाज चढवायचा नाही. आता दुकानात एक ब्लेडसुद्धा उरलेलं नाही. मी बाहेर पायरीवर बसते. भाऊजी, तुम्ही पण ऐका. काय साठलंय ते बोला, आणि जोरात बोला. मला बाहेर ऐकू आलं पाहिजे."

दार लागले. दोघे पुन्हा फरशी घासू लागले. मी मनात म्हटले, झाले, हे दोघे आता फरशी झिजवून टाकणार.

मग धाकटाच बोलला. "खुर्ची विकतोयस म्हणे."

"तुला काय करायचंय? सर मिळाले ना तुला."

"मी मागायला गेलो होतो सरांना?"

"मग ते काय वाऱ्याने उडत आले तुझ्या खुर्चीत? काय सांगितलंस त्यांना माझ्याबद्दल?"

"एक अक्षर नाही. उलट तूच त्या दिवसापासून माझ्याकडे असं बघतोस जसं मी तुझ्या खिशात हात घातलाय."

आणि मित्रांनो, मग जे धरण फुटले ते मी जन्मात विसरणार नाही. सरांवरून गाडी पावडरच्या डब्यावर गेली, तिथून लहानपणी धाकट्याने मोडलेल्या सायकलवर, तिथून थोरल्याने त्याला पोहायला न नेलेल्या उन्हाळ्यावर. बाबा कोणावर जास्त प्रेम करत याचाही पंचनामा झाला. आवाज असे चढले की आरसा थरथरला. बाहेर दोनचार माणसे जमली, तर वहिनींनी त्यांना हटकले, "काही नाही, औषध चाललंय." मला भीती वाटायला हवी होती. पण खरे सांगते, मला इतका आनंद झाला होता की चाके असती तर मी नाचले असते. कित्येक महिन्यांनी दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत होते.

"आणि हा पंखा," थोरला ओरडला, "हा पंखा तुझ्या बाजूला लावला तेव्हा मी काही बोललो? घामाने भिजत उभा राहिलो, पण बोललो?"

धाकटा उत्तर द्यायला तोंड उघडून तसाच राहिला. "दादा," तो हळू म्हणाला, "हात."

थोरल्याचा उजवा हात सरळ छताकडे गेलेला होता. बोट पंख्याकडे रोखलेले. थोरल्याने वर बघितले, मग आपल्याच हाताकडे असा बघत राहिला जणू तो शेजाऱ्याचा आहे.

"खाली घेऊ नकोस," धाकटा म्हणाला. "थांब, मी येतो." तो धावत गेला आणि त्याने दोन्ही हातांनी तो हात खालून धरला. मग कळ आली, थोरला कळवळला, आणि कळवळता कळवळता हसू लागला. धाकटाही हसला. मग दोघे एकमेकांना धरून असे हसले आणि रडले की कोणते काय ते मलाही ओळखता येईना. वहिनींनी दार किलकिले करून पाहिले आणि परत लावून घेतले.

"पंख्याचं मला बोलला असतास तर," धाकटा डोळे पुसत म्हणाला, "त्याच दिवशी मधे लावला असता."

"आता टोपी काढ," थोरला म्हणाला. "काय जंगल वाढवलंय बघू."

"राहू दे."

"बस म्हणतो ना. अगं, त्या कात्र्या आण आत."

धाकटा माझ्यावर बसला, आणि त्याचे तळवे माझ्या हातांवर टेकले तेव्हाच मला समजले की याचे काहीतरी वेगळे आहे. तळवे गार पडले होते आणि घामाने ओले होते. थोरल्याने टोपी काढली, डाव्या हाताने केस विंचरले, मागे आला आणि थांबला. धाकट्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, वाढलेल्या केसांखाली, रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली होती. तिथे एकही केस नव्हता. त्याच्या शेजारी दुसरी, थोडी लहान.

रोज दिवसभर दोघे एकाच दुकानात शेजारी उभे होते, आणि हे डोके मागून बघायचे ते एकट्या थोरल्याने, केस कापताना. त्यानेच बघायचे सोडले होते.

"कधीपासून?"

"सर आले त्याच्यानंतर. उशीवर केस दिसायला लागले."

"दुखतं?"

"नाही. नुसतं दिसतं. म्हणून टोपी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला कसं सांगणार? पावडर संपली तरी तू बाकावरच्या माणसाला सांगत होतास."

थोरल्याने कंगवा खाली ठेवला. त्याने आपला तळवा त्या मोकळ्या जागेवर ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला. त्याला वाटत होते, सगळे सोसणे आपल्याच वाट्याला आले आहे. धाकट्याचे मजेत चालले आहे, रांग लागली आहे, असे त्याने मनाशी धरले होते. धाकट्याचे वजन हळूहळू माझ्या बैठकीत खाली आले, आणि मला कळले की त्याने डोळे मिटले आहेत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ते डोकेही पाहिले. असे चट्टे कधी मनाच्या ताणाने येतात, कधी कारण सापडतही नाही, पण बहुतेकांचे केस परत येतात, असे सांगून त्यांनी लावायला मलम दिले. थोरल्याचा खांदा एका भांडणाने बरा झाला असे मी म्हणणार नाही. मला थापा मारायच्या नाहीत. रोज सकाळी तो माझ्या शेजारच्या भिंतीवर बोटे चढवत असे, धाकटा मागे उभा राहून "अजून, अजून" म्हणत असे, आणि दर आठवड्याला मी थोडी थोडी वर येत होते. गिऱ्हाइकांना आधी स्वतःचे नाक दिसू लागले, मग हनुवटी. ज्या दिवशी आरशात पुरता चेहरा दिसला त्या दिवशी एकाने विचारले, "मी इतका म्हातारा कधी झालो?" जुन्या सामानाचा दुकानदार विचारायला आला, तर थोरल्याने त्याला माझ्यावर बसवून दाढी करून दिली आणि रिकाम्या हाताने पाठवले. जळजळ थांबली. डबा चाटूनपुसून परत जाऊ लागला. पोट पुन्हा माझ्या पाठीला लागू लागले.

राहता राहिले सर. ते आले तेव्हा थोरला सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "सर, एक विचारू? माझ्या हाताचं काय चुकलं?"

सरांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालास?"

थोरल्याने मोठ्याने विचारले. सर ओशाळले. "अरे, हाताचं काही नाही. माझा डावा कान गेलाय. तुझ्या खुर्चीत बसलं की चांगला कान भिंतीकडे, आणि भिंत काही बोलत नाही. तू एवढं काय काय सांगायचास, मला एक शब्द कळायचा नाही. नुसता हसायचो. तिकडे बसलं की चांगल्या कानाला सगळं दुकान ऐकू येतं. हे सगळ्यांदेखत सांगायची लाज वाटली मला."

म्हणजे सरांनीही गिळलेच होते. आता सर बहिणीवर बसतात, पण कात्री थोरल्याची असते, आणि थोरला उजव्या कानाशी वाकून तेच जुने विनोद त्यांना पहिल्यांदा ऐकवतो. बाबांचा नियम अजून पाळला जातो. फक्त वस्तरे खणात गेले की दोघे मागच्या नळावर जाऊन दिवसभराचे काय ते बोलून टाकतात. कधी कधी शेजारचे खिडकी लावून घेतात.

गेल्या सुट्टीला धाकटा माझ्यावर बसला होता. थोरल्याने मागचे केस उचलले, खिडकीतला उजेड पडेल असे मला फिरवले, आणि वाकून बघत राहिला. मोकळ्या जागेवर बारीक लव आली होती, पांढरी, लहान बाळाच्या डोक्यावर असते तशी.

"काय आहे? सांग ना," धाकटा मान वळवू लागला.

"हलू नकोस. उगवतायत."

"काळे?"

"पांढरे. रंगाचं नंतर बघू."

धाकट्याने आनंदाने माझ्या हातावर असा तडाखा दिला की माझा एक स्क्रू निखळला, आणि तो शोधायला दोघे भाऊ फरशीवर रांगत बसले.

मित्रांनो, माझा पंप कोरडा पडला की मी करकर वाजते. मग कोणीतरी तेलाची डबी घेऊन येतो. वाजले नसते तर केव्हाच गंजून गेले असते. तुमचे शरीरही तुमच्यासाठी वाजते. परीक्षेच्या सकाळी पोट दुखले, रागाने डोके ठणकले, काळजीने झोप उडाली, तर त्याला नाटक म्हणू नका आणि दुसऱ्याच्या दुखण्यालाही म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि जवळच्या कोणाला सांगा. रागावला असाल तर हातातले खाली ठेवून रागवा, आणि ज्याच्यावर रागावलात त्यालाच जाऊन विचारा. अगदीच कोणी नसले तर मला सांगितलेत तरी चालेल, मी पुष्कळ ऐकले आहे. पण माणसाला सांगितलेले जास्त बरे. माझे हात लोखंडाचे आहेत, ते मला तुमच्या डोक्यावर ठेवता येत नाहीत.